गुडघे टेकलेला डोजे

व्हेनिसला गेलेला पाहुणा सेंट मार्कचे चर्च पाहतो, डोजेचा राजवाडा पाहतो आणि बोटीकडे वळतो. राजवाड्यासमोर, पाण्याच्या काठाला एक दणकट दगडी इमारत आहे, तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. ही इथली जुनी टांकसाळ, 'झेक्का'. जाकोपो सान्सोविनो या वास्तुविशारदाने ती १५३६ पासून बांधायला घेतली. आत भट्ट्या पेटलेल्या, म्हणून आगीच्या धास्तीने लाकूड टाळून सगळा भार दगडी कमानींवर घेतला. आता तिथे मार्चियाना ग्रंथालय आहे.

डोजे म्हणजे या प्रजासत्ताकाचा तहहयात निवडलेला प्रमुख. राजा नव्हे, आणि तो राजा होऊन बसू नये, हीच तिथल्या सरदार घराण्यांची काळजी. १४७२ मध्ये निकोलो त्रोन या डोजेने चांदीच्या 'लिरा'वर स्वतःचा दाढीवाला चेहरा उमटवला. शहराला ते रुचले नाही. पुढच्याच वर्षी त्रोन वारला आणि बंदी आली. नाण्यावर डोजे असेल तो सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेलाच! सेंट मार्क हा शहराचा रक्षणकर्ता संत, आपली ग्रामदेवता असते तसा. पिएत्रो मोचेनिगोच्या लिरावर डोजे त्याच्या हातून निशाण घेतो आहे, मागच्या बाजूला ख्रिस्त आणि लॅटिन अक्षरे: महिमा एकट्या तुझाच. नाण्यावरची ही भक्ती खोटी होती असे नव्हे, पण ती डोजेचा लगामही होती. १५६२ पासूनच्या चांदीच्या दुकातावरही तो वाकलेलाच दिसतो.

रोममध्ये पोप स्वतःचा चेहरा खुशाल छापीत. तिथे बेनव्हेनुतो चेल्लिनीने सातव्या क्लेमेंट पोपसाठी केलेले चांदीचे नाणे मला सर्वांत आवडते. पाण्यात बुडणाऱ्या पीटरला ख्रिस्त हात देतो आहे, शेजारी दोनच शब्द: शंका का घेतलीस?

व्हेनिसच्या नाण्यांवर पुढे आणखी एक संत आली. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या समुद्रात तुर्की आरमार हरले. तो दिवस संत जुस्तिनाच्या सणाचा. मग चांदीच्या नाण्यांवर जुस्तिना उभी राहिली, 'मी तुला विसरणार नाही' असे तिला वचन देणारी अक्षरेही आली. गंमत अशी, की १५७३ च्या तहात व्हेनिसला सायप्रस बेट तुर्कांना देऊन टाकावे लागले. तरी विजयाची नाणी पाडणे चालूच राहिले.

चांदीवरचे हे वाकलेल्या डोजेचे चित्र त्याआधीपासून सोन्याच्या दुकातावर होते, १२८४ पासून थेट १७९७ पर्यंत. ती सोन्याची नाणी व्यापारातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मराठीत त्यांना 'पुतळी' म्हणू लागले. कन्नडमध्येही पुत्थळी म्हणजे पुतळाच. सोनारांनी त्यांच्या नकला केल्या, पुतळ्यांच्या माळा घडवल्या. आजच्या माळेत बहुधा लक्ष्मी असते. पण घरात आजीची जुनी माळ असेल, तर एखादी पुतळी भिंगाखाली धरून पाहा. एक आकृती उभी आणि दुसरी तिच्यापुढे वाकलेली दिसली, तर तो वाकलेला डोजे असू शकतो.