अडवलं कोणाला?

सर्व्हरला रेट लिमिट लावणं फारसं अवघड नाही. एनजिनएक्समध्ये दोन ओळी लिहायच्या: एका आयपी पत्त्यावरून सेकंदाला 10 रिक्वेस्ट, वर 20 चा बर्स्ट, म्हणजे एकदम आलेल्या गर्दीला तेवढी सूट. मग अपाचे बेंच हे भार टाकून बघायचं साधन चालवायचं, काही रिक्वेस्ट नाकारल्या गेलेल्या दिसल्या की चहाला उठायचं. बहुतेकांची चाचणी इथेच संपते.

पण हे अपाचे बेंच गोड बोलून फसवतं. लिमिट लावल्यावर 'सेकंदाला किती रिक्वेस्ट' हा आकडा एकदम वर जातो आणि सर्व्हर वेगवान झाल्यासारखा वाटतो. कारण साधं आहे. पान तयार करून देण्यापेक्षा 'नाही' म्हणणं कितीतरी स्वस्त. खाली 'नॉन-टूएक्सएक्स' अशी एक ओळ असते, ती आधी वाचायची. एनजिनएक्स नाकारताना मुळात 503 देतो, म्हणजे सर्व्हरच आजारी असल्यासारखं. ते बदलून 429 करावं. 2012 मध्ये हा कोड ठरला तो याचसाठी, की दोष आपला नाही, समोरच्याच्या घाईचा आहे हे त्याला कळावं.

दुसरी गंमत वेळेची. सेकंदाला 10 म्हणजे सेकंदाच्या सुरुवातीलाच दहा घ्या आणि मोकळे व्हा, असं एनजिनएक्स मानत नाही. तो दर 100 मिलिसेकंदाला एक असा हिशेब धरतो. बर्स्ट दिला नाही, तर एकाच पानावरची दोन चित्रं एकदम मागणारा सभ्य ब्राउझरसुद्धा गुन्हेगार ठरतो. 20 चा बर्स्ट 'नोडिले'सह, म्हणजे आत घेतलेल्यांना ताटकळत न ठेवता, दिला आणि शंभर रिक्वेस्ट एका दमात सोडल्या, तर 21 आत जायला हव्यात. सोडायला जरा वेळ लागला तर एखादी जास्त. हा आकडा आधी कागदावर मांडायचा आणि मगच बटण दाबायचं. निकाल पाहून 'बरोबर वाटतंय' म्हणणाऱ्याने चाचणी केलेली नसते.

एवढं सगळं जमलं तरी खरा प्रश्न उरतोच: अडवलं कोणाला? यावलला बसून मी ज्या साइट सांभाळतो त्यांत केळीच्या भावाची एक आहे. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव निघाला की यावल-रावेरचे मोबाईल एकदम तिच्यावर येतात. आमच्याकडे बागेत ठिबक बसवलं की जाणता माणूस पंपाजवळच्या ड्रिपरखाली भांडं धरत नाही. तिथे दाब असतोच. ताशी 4 लिटरचा ड्रिपर तेवढं सोडतो का, हे बघायला तो शेवटच्या नळीच्या टोकाला जाऊन घड्याळ लावतो. माझ्या लॅपटॉपवरून सोडलेल्या रिक्वेस्ट म्हणजे पंपाजवळचं पाणी. म्हणून मी किनगाव, डोंगरकठोऱ्याच्या ओळखीच्यांना मोबाईल डेटावर साइट उघडायला सांगतो. अशाच एका चाचणीत तिकडून काकांचा फोन आला: "भो, एकदाच उघडलं मी, तरी हे 'थांबा-थांबा' काय येऊन राह्यलं?"

काका खोटं बोलत नव्हते. मोबाईल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. सर्व्हरला ते सगळे मिळून एक हावरट माणूस दिसतात. याच्या उलट, आयपीव्ही6 वर एका फोनच्या हाताशी पत्त्यांची अख्खी रास असते. त्याने ठरवलं तर पत्त्यावरची मोजणी त्याला शिवतही नाही. म्हणजे गरजू सापडतो आणि चतुर सुटतो. (पुढे प्रॉक्सी असेल आणि खरा पत्ता मागे पोचवला नसेल, तर अख्खा जिल्हाच एक माणूस होतो.)

कोविन आठवा. 28 एप्रिल 2021 ला या पोर्टलवर 18 ते 44 वयोगटाची कोविड लसीसाठी नोंदणी सुरू झाली. बाहेरच्या प्रोग्रामरसाठी खुल्या केलेल्या एपीआयला मर्यादा होती: एका आयपीला 5 मिनिटांत 100 कॉल. कागदावर वाजवी. पण मोकळा स्लॉट हेरून टेलिग्रामवर कळवणारी साधनं या मर्यादेत राहूनही चालत होती, आणि ती ज्यांना वापरता येत होती ते शहरी लोक गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर लस घ्यायला जात होते. ओटीपीची वाट बघणाऱ्या गावकऱ्याचा नंबर लागेना. मर्यादा चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ती सर्व्हरला वाचवत होती; रांगेचा न्याय हे तिचं कामच नव्हतं, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवलेलंही दिसत नव्हतं.

माझ्या साइटवर मी आता पत्त्यामागची मर्यादा सैल ठेवतो आणि घट्ट मर्यादा लॉगिनमागे लावतो. भावाचं पान तर कॅशमधूनच जातं. ज्याला काही खर्चच येत नाही ते मोजायचं कशाला? नवी मर्यादा आधी 'ड्राय रन'वर ठेवतो. एनजिनएक्स तेव्हा कोणालाच अडवत नाही, कोणाला अडवलं असतं तेवढं लॉगमध्ये लिहितो. ती यादी वाचणं कंटाळवाणं असलं तरी चाचणीतला सगळ्यात कामाचा भाग तोच.

शेवटची चाचणी परतीची. नाकारताना 'रिट्राय-आफ्टर' या हेडरमध्ये सगळ्यांना 5 सेकंद थांबायला सांगितलं, की पाचव्या सेकंदाला तीच गर्दी पुन्हा दारात. म्हणून साइटच्या ॲपमध्ये त्यावर थोडे स्वैर सेकंद मिळवतो, कोणाला दोन, कोणाला सात. मग पुन्हा भार टाकून आलेख बघतो. दुसरा सुळका पहिल्याइतकाच उंच दिसला, तर काम अजून झालेलं नाही.