अंधाराला चित्र

संगणकावर उघड्या असलेल्या सगळ्या विंडोंमध्ये टर्मिनल सर्वांत कमी बोलणारा. ब्राउझर सतत काही ना काही सुचवत असतो, ऑफिसचं चॅट दर थोड्या वेळाने वाजत असतं; टर्मिनल मात्र काळ्या चौकटीत एक कर्सर लुकलुकता ठेवून थांबलेला असतो. पाच हजार फायली एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवायला सांगा. हलवून झाल्या की पुढचा प्रॉम्प्ट येतो, बस. ‘झालं’ असंही कोणी म्हणत नाही. काही बिघडलं तरच एखादी ओळ उमटते: कुठे अडलं आणि का. सवय नसलेल्यांना हा अबोला तुटक वाटतो. मला त्यात आदर दिसतो. समोरच्या माणसाला आपण काय सांगितलं ते ठाऊक आहे, असं इथे गृहीत धरलेलं असतं.

काम करणारे खरं तर दुसरेच. बॅश किंवा झेडशेल यांसारखी एखादी शेल आड बसलेली असते आणि हुकूम ती पाळते. टर्मिनल हा निरोप्या. कीबोर्डवरचं अक्षर आत पोचवायचं, आतून आलेलं अक्षर पडद्यावर मांडायचं, मधे स्वतःचं काही घालायचं नाही. हा स्वभाव त्याला घराण्यातून मिळाला आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते तेव्हा त्यांच्या बोटांखाली टेलिटाइप मॉडेल 33 नावाचं यंत्र होतं. 1963 सालचं हे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला 10 अक्षरं ठोकायचं, तीही फक्त मोठ्या लिपीतली. 72 अक्षरांची पूर्ण ओळ उमटायला सात सेकंद लागत. अशा यंत्रासमोर बसलेला माणूस पाल्हाळ कसा सोसेल? एलएस, सीपी, एमव्ही ही कमांडची दोन-दोन अक्षरी नावं त्या कागदाला शोभणारीच आहेत. त्या यंत्रात खरीखुरी घंटा होती आणि आस्की सांकेतिक क्रमांक 7 आला की ती वाजायची. आजही तोच क्रमांक पाठवला की नव्याकोऱ्या लॅपटॉपवरचा टर्मिनल टण्णकन वाजतो, आवाज बंद केलेला असेल तर पडदा चमकवतो.

पुढची पिढी काचेची. 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हीटी100 आला. 80 स्तंभ, 24 ओळी, काळ्या काचेवर उजळ अक्षरं. कर्सर कुठे न्यायचा, कुठली ओळ पुसायची, हे त्याला ‘एस्केप’ने सुरू होणाऱ्या सांकेतिक ओळी पाठवून सांगता यायचं. त्या ओळी अजून चालतात. व्हीटी100 कधी पाहिलाही नाही अशी मुलं आज पुण्यात हिंजवडीला बसून टर्मिनल उघडतात, तेव्हा विंडोचा मूळ आकार बहुधा तोच असतो आणि आतली भाषाही तीच.

या काळ्या काचेला चित्राची हौस लागली ती 1990 च्या दशकात, लिनक्सवाल्यांच्या घरी. एनलाइटनमेंट या देखण्या डेस्कटॉपबरोबर ईटर्म आला आणि अक्षरांच्या मागे चित्र ठेवणं ही रोजची गोष्ट झाली. त्या काळातली पारदर्शकता मला फार लोभस वाटते. विंडोतून खरंच आरपार दिसावं इतकी ताकद त्या पडद्यांच्या व्यवस्थेत नव्हती. मग टर्मिनल काय करायचा? डेस्कटॉपवर कुठलं वॉलपेपर आहे ते विचारून घ्यायचा, आपण नेमके कुठे उभे आहोत ते मोजायचा, आणि तेवढाच तुकडा उचलून स्वतःच्या पाठीमागे रंगवायचा. विंडो सरकवली की पुन्हा मोजणी, पुन्हा रंगकाम. मधे दुसरी विंडो आली तर ती दिसायची नाही. तिच्यामागचा, वॉलपेपरवरचा डोंगरच दिसत राहायचा. खोटी होती ती पारदर्शकता, पण तिच्यामागची मेहनत अस्सल होती.

आता ही सोय मागावी लागत नाही. मॅकवरच्या आयटर्म2 मध्ये चित्र निवडून ते किती मिसळायचं याची पट्टी सरकवता येते. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये विंडोज टर्मिनल जाहीर केला. त्याच्या सेटिंगच्या फायलीत एका ओळीत चित्राचा पत्ता लिहायचा, दुसऱ्या ओळीत ते किती ठळक दिसावं याचा 0 ते 1 मधला एक आकडा. हलती जिफ दिली तर तीही चालते, मात्र वाचताना डोळा सारखा तिकडे पळतो, म्हणून मी ती कुणाला सुचवणार नाही. किटी नावाचा झपाट्याचा टर्मिनल तर आपल्या मुंबईचा: ई-पुस्तकांसाठी कॅलिबर लिहिणारे कोविद गोयल यांचा. तो अक्षरं ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतो, आणि मागच्या चित्रावर मूळ रंगाचा किती हात फिरवायचा हेही सांगता येतं. हा हात महत्त्वाचा.

कारण टर्मिनलला कुठलंही चित्र शोभत नाही. होकुसाईची 1831 च्या सुमाराची ती प्रसिद्ध लाट घ्या. पुष्कळांच्या पडद्यावर ती असते. तिचा निळा खालचा भाग सुरेख बसतो. वरचं आकाश मात्र फिकट, आणि नेमकी तिथे आलेली पांढरी अक्षरं विरून जातात. वारली चित्र मला स्वतःला फार हवं होतं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, म्हणजे गडदावर उजळ, टर्मिनलचीच रीत. पण तारप्याभोवती नाचणाऱ्या त्या माणसांचे हातपाय जवळजवळ अक्षरांच्याच जाडीचे असतात. कमांडच्या ओळी त्यांच्यात गुंततात. उभी रेघ ही दोन कमांड जोडणाऱ्या पाइपची खूण आहे की नाचणाऱ्याचा पाय, ते क्षणभर कळत नाही. बारीक रेघेचं चित्र बारीक अक्षराशी भांडतं. त्यापेक्षा मोठे, शांत आकार चांगले: रात्रीचं आभाळ, धुकं, कडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा पावसाळी फोटो याला उत्तम. त्या कातळाची आत वळलेली प्रचंड कमान उजवीकडे ठेवायची, डावीकडे नुसते राखाडी ढग. टर्मिनलच्या ओळी डावीकडून सुरू होतात आणि बहुतेक ओळी अर्ध्यावरच संपतात. उजवी बाजू दिवसभर मोकळीच असते. चित्राने तिथेच राहावं.

आकडा किती ठेवायचा? विंडोज टर्मिनलमध्ये 0.15 म्हणजे चित्र पंधरा टक्के आणि बाकी पार्श्वभूमीचा गडद रंग. कोकणकड्याला एवढं पुरतं. वेबच्या पानांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान 4.5 ला 1 असावं, असा सुलभतेचा जो निकष आहे, तो इथेही धरावा. तोही चित्राच्या सगळ्यात उजळ ठिपक्याशी मोजून, सरासरीशी नव्हे. संगीत नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यावर कितीही सुंदर उपवन असलं तरी पद सुरू झालं की नजर गाणाऱ्यावरच राहायला हवी. इथलं गाणं म्हणजे अक्षर.

रंगांचं म्हणाल तर ते चित्राकडूनच घ्यावेत. पायवाल नावाचं एक छोटं साधन हेच करतं. त्याला चित्र दिलं की त्यातले ठळक रंग वेचून ते सोळा रंगांचा संच बनवतं, कारण टर्मिनलची मूळ पेटी सोळा रंगांचीच. मग उघड्या असलेल्या प्रत्येक टर्मिनलला ते एस्केपच्या ओळी पाठवतं, त्याच व्हीटी100 च्या वळणाच्या. सगळ्या विंडोंचे रंग एकदम पालटतात. कोकणकड्याने माझ्या फोल्डरांना शेवाळी हिरवा दिला आणि चुकांच्या संदेशांना ओल्या कातळाचा तपकिरी. हा तपकिरी मी हाताने बदलला. चूक लालच दिसली पाहिजे. तिथे सौंदर्याला सवलत नाही.

हे सगळे रिकामपणचे उद्योग आहेत असं म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांचा मान राखून सांगतो, मला हे मुळीच पटत नाही. सिस्टिम सांभाळणारी माणसं दिवसातले आठ तास आणि कधी अख्खी रात्र या चौकटीकडे बघत काढतात. दुकानाचा गल्ला आणि रिक्षाचा आरसा सजवणाऱ्या समाजात या एकाच जागेने उघडं का राहावं? आणि चित्राचा निव्वळ उपयोगही आहे. एकाच वेळी चार सर्व्हरवर चार टर्मिनल उघडे असतात, चौघांचा चेहरा एक, आणि जी कमांड चाचणीच्या यंत्रावर निरुपद्रवी ती ग्राहकांच्या चालू यंत्रावर, म्हणजे प्रॉडक्शनवर, अनर्थ करते. आयटर्म2 ला यंत्राच्या नावावरून प्रोफाइल बदलायला शिकवता येतं. प्रॉडक्शनमध्ये शिरलात की कोकणकडा जातो आणि मागे गडद लाल येतो. रात्री दोन वाजता, झोपेने जड झालेल्या डोळ्यांना, प्रॉम्प्टमधलं बारीक नाव वाचायच्या आधी तो लाल दिसतो. पार्श्वचित्राची एवढी एकच बाजू असती तरी मी ती प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात लावायला सांगितली असती.

टर्मिनलची एक उणीव मात्र मनाला लागते. टर्मिनल जग चौकोनी घरांत वाटतो: एक घर, एक अक्षर. टेलिटाइपला ते शोभलं. आपली लिपी अशी बसत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटते, जोडाक्षर दोन घरांत मावत नाही आणि तीन घरांत सैल पडतं. फायलीला ‘क्षितिज’ नाव द्या आणि यादी मागवा. पुष्कळ टर्मिनलांत वेलांट्या सुटतात, पुढचे स्तंभ सरकतात, कर्सर दाखवतो एकीकडे आणि खोडतो दुसरीकडे. कड्याचा फोटो सुंदर दिसतो, त्यावरचं कड्याचं नाव मोडकं दिसतं. एमएलटर्म हा अनेक लिप्यांसाठीच बनवलेला टर्मिनल भारतीय लिप्यांची ही जुळणी मनावर घेतो, आणि त्यालाही पार्श्वचित्र लावता येतं. मराठी नावांच्या फायली हाताळायच्या असल्या की मी तो उघडतो. त्याचे रंग जुळवायला जास्त वेळ लागतो, सेटिंगच्या फायली जुन्या धाटणीच्या आहेत. तरी वेलांटी जागेवर असते.