एकतीस नंबर पडद्याआड

माणसं कशाकशाची वाट पाहतात! कोणी पावसाची, कोणी प्रमोशनची, कोणी जावयाला अक्कल येण्याची. मी चौदा वर्षं लॅपटॉपच्या पडद्याची वाट पाहिली. लॅपटॉपची नव्हे. तो २०१० सालीच घरात आला होता. त्याच्या पडद्यावर चार ओळी जास्त मावतील आणि तरीही तो काखोटीला मारून चार जिने चढता येतील, अशा दिवसाची मी वाट पाहत होतो. हे दुःख कोणाला सांगायला गेलो की ऐकणारा आधी माझ्याकडे पाही आणि मग घड्याळाकडे.

मी बँकेत कारकून. बी. कॉम., सेकंड क्लास. आता बँकेतल्या कारकुनाला घरी लॅपटॉप कशाला हवा, असा प्रश्न आमच्या हिनेही विचारला होता. त्याचं उत्तर आमच्या इमारतीत आहे. डोंबिवलीची ही चार मजली इमारत १९८६ साली उभी राहिली. फ्लॅट बत्तीस, लिफ्ट शून्य. पहिल्या दिवसापासून सोसायटीचे खजिनदार आमचे अण्णा. रेल्वेच्या हिशेब खात्यातला माणूस. त्यांच्या हातचा आकडा पाहिला की छापखान्याने लाजावं. त्यांचं रजिस्टर उघडलं की दोन हात रुंद व्हायचं. डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर बारा महिने, एकेका फ्लॅटला एकेक ओळ आणि तेहतिसाव्या ओळीत लाल शाईने बेरीज. मान खाली घातली की पायापासून गच्चीपर्यंत अख्खी इमारत एका नजरेत दिसे. “पान उलटावं लागलं तर तो हिशेब कसला?” असं अण्णा म्हणत.

चोवीस वर्षांनी, म्हणजे २०१० साली, अण्णांना आकडे धूसर दिसू लागले आणि खजिनदारपद आमच्याकडे वंशपरंपरेने चालत आलं. मी म्हटलं, आता हे रजिस्टर बंद. आता कॉम्प्युटर.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. (त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण भडकमकर मार्ग कुठे म्हणून विचारलंत तर लॅमिंग्टन रोडवर उभा असलेला माणूसही तुम्हाला ‘माहीत नाही’ म्हणेल.) दुकानदाराने दोन जातींचे लॅपटॉप दाखवले. एक चकचकीत. त्याच्या पडद्यात आकड्यांच्या आधी माझं टक्कल दिसलं. दुसरा बिझनेस लॅपटॉप. रंग सरकारी कपाटाचा, पण पडदा चमकत नव्हता, कीबोर्ड दणकट होता आणि वजन बेताचं. माझा काही बिझनेस नव्हता, परंतु बी. कॉम. होतो. तेवढ्या नात्यावर मी तो घेतला.

घरी आल्यावर अण्णांच्या देखत बत्तीस नावं भरली, नोटिसा निघायच्या म्हणून मराठीतून. वर तीन ओळी मथळ्याच्या: सोसायटीचं नाव, वर्ष आणि महिने. आणि पडदा एकविसाव्या फ्लॅटवर संपला.

“बाकीचे कुठे गेले?” अण्णांनी विचारलं.

“खाली आहेत. असं सरकवलं की येतात.”

“मग वरचे कुठे गेले?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

या ओळी कमी का, याचा मी नंतर पुष्कळ अभ्यास केला. ज्यांच्या घरी रांगोळी काढतात त्यांना हे लगेच कळेल. लॅपटॉपचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आमची ही दारापुढे एकवीस ते एकवीस ठिपक्यांची काढते. लॅपटॉपवाले १३६६ बाय ७६८ ची काढत. ठिपके जितके दाट तितकं अक्षर रेखीव. त्याआधी बऱ्याच लॅपटॉपना १२८० बाय ८०० चा पडदा असे. मग टीव्ही रुंद झाले, सोळास नऊ. पडद्याच्या काचा करणारे कारखाने जगात मोजके. टीव्हीच्या मापाने काच कापायची सवय झाल्यावर त्यांनी लॅपटॉपही त्याच मापाने बेतले. रुंदी वाढली आणि उंचीतून ठिपक्यांच्या बत्तीस रांगा गेल्या. सिनेमा बघणाऱ्याला काय, आडवं मिळालं की तो खूष. हिशेब उभा असतो, हे कोणी लक्षातच घेतलं नाही. म्हणजे १९९० च्या दशकात १०२४ बाय ७६८ चे बोजड पडदे होते, त्यांची उंची आणि माझ्या नव्या कोऱ्या लॅपटॉपची उंची रांगेला रांग सारखी! त्यात २००७ च्या ऑफिसपासून मायक्रोसॉफ्टने वरती चित्रांची जाडजूड पट्टी आणून बसवलेली. वरून पट्टी, खालून टास्कबार; मधल्या पोटमाळ्यावर बत्तीस बिऱ्हाडं.

आणि हा १३६६ आकडा पाहून तर माझ्यातला कारकून अस्वस्थ झाला. सोळास नऊ म्हटल्यावर मी त्रैराशिक मांडलं. उंची ७६८, तर रुंदी किती? उत्तर आलं १३६५.३३. तेहतीस पैशांचा त्यांनी सरळ एक रुपया केला होता! आम्ही पन्नास पैशांच्या आतलं खाली सोडतो. पुढे २०१२ साली हाच पडदा जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा ठरला. सगळ्या जगाने चुकीची पूर्णांकी मान्य केली होती. मी एकटा काय करणार?

तुम्ही म्हणाल, अक्षर बारीक करायचं. केलं. बत्तीस ओळी मावल्यासुद्धा! पण एवढ्याशा उंचीत ठिपके इतके थोडे उरले की इंग्रजी तीन आणि आठ एकमेकांचे जुळे भाऊ झाले, आणि नोटिशीत आठ नंबरचे मोरे ‘भोरे’ होऊन गेले. रोमन अक्षराचं बरं असतं, ते बापडं दोन रेघांत मावतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. त्याला ठिपके कमी देणं म्हणजे पंक्तीला पन्नास पानं मांडून वीसच जिलब्या करण्यासारखं. मोरे आठवडाभर बोलले नाहीत. मी अक्षर पुन्हा मोठं केलं. खालचे अकरा जण पडद्याआड गेले.

आता माणसाचा स्वभाव असा आहे की जे दिसतं त्याचा तो पाठपुरावा करतो. एक ते एकवीस नंबरांच्या थकबाकीवर माझं घारीसारखं लक्ष. दोन दिवस उशीर झाला की जिन्यात अडवायचो. बावीसच्या पुढचे लोक मात्र मला फार सज्जन म्हणत. चोवीस नंबरच्या वहिनींनी तर संक्रांतीला वेगळा डबा पाठवला. मला वाटलं, माझ्या स्वभावामुळे.

सप्टेंबर २०१४. वार्षिक सभा गच्चीवर. ऑडिटरचा अहवाल वाचला जात होता. अण्णा पहिल्या रांगेत, खुर्चीवर. अहवालात ओळ आली: “थकबाकीदार, फ्लॅट नंबर एकतीस, सात महिने.” लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकतीस कोण? मीही पाहू लागलो. मग अण्णा हळूच मागे वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

एकतीस नंबर आमचा.

बँकेत दिवसभर लोकांच्या खात्यांत पैसे घालणाऱ्या माणसाला स्वतःचा चेक फाडायची आठवण राहत नाही, आणि खजिनदाराला नोटीस पाठवायला खजिनदाराखेरीज कोणी नसतं. तळमजल्यावरचे एक नंबर म्हणजे निवृत्त मामलेदार. ते उठले आणि थकबाकीदाराला सहकार कायद्यानुसार कमिटीवर बसता येत नाही, हे त्यांनी शांतपणे निदर्शनाला आणलं. तिथल्या तिथे मी महिन्याला नऊशेप्रमाणे सात महिन्यांचे ६,३०० रुपये काढले. दरसाल दरशेकडा एकवीस टक्क्यांनी स्वतःचं व्याज स्वतः मांडलं, ४४१ रुपये झाले, तेही भरले. सभेने उदार मनाने मला पदावर ठेवलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. जिना उतरताना अण्णा काही बोलले नाहीत. खाली आल्यावर कपाटातलं रजिस्टर काढून त्यांनी त्यावरची धूळ तेवढी पुसली. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्रीपासून माझं वाट पाहणं गंभीर झालं.

चीड याची यायची की जगात चांगले पडदे नव्हते असं नव्हे. २००६ साली एक ऑडिटर आमच्या शाखेत आले होते, त्यांच्या चौदा इंची लॅपटॉपवर मी १४०० बाय १०५० चा पडदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. चाळीसहून जास्त ओळी! तो माल पुढे बाजारातून उठलाच. मग ज्या २०१० साली मी माझा लॅपटॉप घेतला, त्याच वर्षी आयफोन ४ आला. साडेतीन इंचांत ९६० बाय ६४०. भाच्याने आणलेला तो फोन मी माझ्या लॅपटॉपशेजारी उभा धरला. खिशातल्या फोनला उभ्या रांगा ९६० आणि मांडीवरच्या यंत्राला ७६८! अडीच वर्षांच्या पोराने बापापेक्षा उंच व्हावं, तसं वाटलं. २०१२ साली ॲपलने पंधरा इंची मॅकबुक प्रोला २८८० बाय १८०० चा पडदा दिला. माझ्या ठिपक्यांच्या जवळजवळ पाचपट. त्याची किंमत वाचून मी वर्तमानपत्राची घडी घातली.

बिझनेस लॅपटॉपमध्ये हे का येत नव्हतं, ते मात्र मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ते कंपन्या घेतात, हजारोंनी. घेणारं असतं खरेदी खातं. तीन बंद पाकिटांतली कोटेशनं फोडायची आणि सर्वांत कमी भावाच्या पाकिटावर सही करायची. पडद्याकडे बघायला ज्याने दिवसभर बसायचं असतं, त्याला त्या खोलीत प्रवेश नसतो. आमच्या बँकेतल्या खुर्च्याही अशाच आल्या आहेत. शिवाय विंडोजचा हिशेब पुराण्या काळचा, इंचाला ९६ ठिपके. ठिपके दाट केले की अक्षरं मुंगीएवढी व्हायची. मोठी करावीत तर जुने प्रोग्रॅम ओल्या टिपकागदासारखे फुटायचे.

पुढे १९२० बाय १०८० चे आले. मी दर दिवाळीला लॅमिंग्टन रोडवर जायचो. दुकानदार मला लांबूनच ओळखायचा. “वो ऑर्डर पे आएगा साहब. इधर येही चलता है.” येही म्हणजे १३६६. ऑर्डरवर येऊ लागला तेव्हा कन्येच्या क्लासची फी आली. ती संपली तेव्हा वाटलं, इतकं थांबलो, आता याहून चांगला येतोय तर आणखी थोडं थांबू. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि होता तो लॅपटॉपही तिच्या ताब्यात गेला. ‘फ्लॅटमध्ये मोठा मॉनिटर घ्या’ असं सांगणारे भेटले. त्यांना मी आमचं जेवणाचं टेबल दाखवायचो. त्यावर आधीच कन्या, कुकर आणि मी अशी वाटणी झालेली आहे.

मधल्या काळात, २०१५ साली, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि अण्णांनी खिडकीत उभं राहून समोरच्या इमारतीवरच्या तारांवर बसलेले कावळे मोजून दाखवले. मी ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहत होतो, ते त्यांना एका सकाळीत मिळालं होतं.

शेवटी २०२४ च्या दिवाळीत मी घेतला. चौदा इंची, बिझनेस, हलका, आणि पडदा २८८० बाय १८००! काय सांगू! रफार पहिल्यांदा रफारासारखा दिसला. मोरे मोरेच राहिले. अण्णांनी वाचायचा चष्मा लावून पडद्यावर नाक टेकवलं आणि म्हणाले, “हां. छापील वाटतंय.” अण्णांकडून एवढं म्हणजे भारतरत्न.

दोन संध्याकाळी आनंदात गेल्या. तिसऱ्या दिवशी मला पडदा जरा लांब धरावासा वाटू लागला. मग आणखी लांब. लॅपटॉप हातभर लांब नेला की कीबोर्डही त्याच्याबरोबर जातो, ही त्या यंत्रातली मूलभूत उणीव आहे. डॉक्टर म्हणाले, “चाळिशी. खरं तर तीन वर्षं उशिरा आलात.” माझं वय शेहेचाळीस. पडदा यायच्या आधी डोळे निघून गेले होते.

कन्येने सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सव्वादोनशे टक्के केलं. आता छान दिसायला लागलं. सवयीने मी कागद घेतला आणि भागाकार मांडला. २८८० ला सव्वादोनने भागलं, १२८०. १८०० ला भागलं, ८००. मी दोनदा तपासलं. हा तोच जुना पडदा! चौदा वर्षं थांबून मी त्या कापलेल्या बत्तीस रांगा परत मिळवल्या होत्या. हिशेबाच्या भाषेत दीड ओळ. आता बावीस नंबर पूर्ण दिसतो आणि तेविसाव्यांचं वरचं अर्धं.

पण २०१४ ची सभा मी विसरलेलो नाही. मी सरळ यादीच उलटी केली. बत्तीस सर्वांत वर, एक सर्वांत खाली. एकतीस नंबर आता दुसऱ्याच ओळीत डोळ्यांसमोर असतो आणि पहिल्या तारखेला त्याचे पैसे जातात.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात मामलेदार, चार जिने चढून धापा टाकत.

“अहो खजिनदार, या तिमाहीचं बिल सगळ्यांना मिळालं. आम्हाला नाही मिळालं?”

आतून अण्णांनी हाक मारली, “रजिस्टर काढू का रे?”