बदामांची वर्तुळं

नाताळच्या फ्रूटकेकवर मार्झिपान आणि आयसिंगचा जाड पांढरा थर मला नकोच वाटतो. ब्रँडीत मुरलेल्या मनुकांचा तो गडद तपकिरी रंग झाकायचा कशाला? स्कॉटलंडच्या डंडी केकची रीत मला मनापासून पटते. १९व्या शतकात मार्मलेडवाल्या कीलर कंपनीने तो बाजारात आणला. सोललेले बदाम कच्च्या मिश्रणावरच वर्तुळांत मांडायचे, अगदी हलक्या हाताने. दाबले तर बुडतात. ओव्हनमध्ये केकबरोबर तेही खरपूस होतात.

आधीच भाजलेला केक असेल तर जर्दाळूचा जॅम गरम करून, गाळून ब्रशने लावावा. त्यावर अक्रोड, चेरी, आणि पुन्हा जॅमचा एक हात. पेक्टिनमुळे निवल्यावर सगळं घट्ट बसतं, चकाकतं. आज पिस्तेही लावले. लाल चेरीशेजारी तो हिरवा रंग फार शोभतो.