शनिवारची गाडी
जर्मनीत शिकणारा मराठी विद्यार्थी सुट्टीला मित्राकडे निघतो, तो बहुधा प्रादेशिक गाडीनेच. मे २०२३मध्ये ४९ युरोंत सुरू झालेले मासिक ‘डॉइचलांड-तिकीट’ देशभर प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बसमध्ये चालते. वेगवान आयसीई गाड्यांत मात्र नाही. वेळ जास्त लागतो, पण खिशाला झळ बसत नाही. आखेनहून डॉर्टमुंडकडे जाणारी आरई-१ कोलोन, ड्युसेलडॉर्फ, एसेन असे थांबे घेत जाते. इकडे वाट पाहणाऱ्या मित्राला, रविवारी दुकाने बंद म्हणून, कांदे, तांदूळ, दही शनिवारीच आणून ठेवावे लागते. मग खिचडीची मोहरी तडतडते आणि आठवडाभर परक्या भाषांत अवघडलेली जीभ सैल होते. पोटभर मराठी बोलायला मिळणे, हीच या भेटीतली मोठी कमाई. रविवारी संध्याकाळी परतणाऱ्याच्या हाती डबा देण्याची रीत तिथेही सुटलेली नाही.