तंजावरचा दिवाळीनंतरचा पाऊस

दिवाळी आटोपली की आपण काय करतो? फराळाचे डबे घासून ठेवतो, छत्र्या माळ्यावर टाकतो आणि गोधड्या उन्हात घालतो. पाऊस म्हणजे आपल्या लेखी जून ते सप्टेंबर. पण मैत्रिणींनो, आपल्याच देशात एक मुलूख असा आहे, की जिथे लोक दिवाळीच्या सुमारास छत्र्या काढतात! तामिळनाडूत आपला आषाढ-श्रावण बराचसा कोरडाच जातो. पुढे वारे फिरतात, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून येऊ लागतात आणि येताना पाणी घेऊन येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा. दिवाळी ज्या महिन्यात येते त्याला ते ‘ऐप्पसी’ म्हणतात आणि ऐप्पसीची झड त्यांच्याकडे आपल्या श्रावणसरींइतकीच प्रसिद्ध आहे.

हे मला ठाऊक होतं असं समजू नका. ह्यांचं त्रिचीला तीन दिवसांचं काम निघालं, माझ्या शाळेला सुट्टी होती, मुलं आजोळी. त्रिचीपासून तंजावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हे म्हणाले, “मी दिवसभर कामात, तू लॉजवर बसून काय करणार? आपण मुक्कामच तंजावरला करू. मी जाईन-येईन, तू गाव पाहा.” लग्नाला तेरा वर्षं झाली, पण परक्या गावात एकटीनं हिंडायची ही माझी पहिलीच वेळ. तामिळचा एक शब्द येत नाही. त्यात पाऊस!

तंजावर आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तिथे गादीवर बसले आणि त्यांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत, म्हणजे कंपनी सरकारनं राज्य खालसा करीपर्यंत, तिथे नांदणूक केली. शाळेत मी हे शिकवतेसुद्धा. पण शिकवणं वेगळं आणि तिथल्या चिखलात चप्पल रुतणं वेगळं!

पहिल्या दिवशी सकाळी मोठ्या देवळाकडे निघाले. बृहदीश्वराच्या ह्या देवळाला तिथे सगळे ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठं देऊळच म्हणतात. राजराज चोळानं बांधलेलं, १०१० साली पुरं झालेलं. शिखर दोनशे फुटांहून उंच, सगळं दगडी. दाराशी फुलवाल्या बसल्या होत्या. मी वेशीत पाऊल टाकते न टाकते तोच आभाळ कोसळलं. एका फुलवालीनं “वांगा, वांगा!” म्हणत मला हाताला धरून आपल्या प्लास्टिकच्या कागदाखाली ओढलं, टोपली सरकवून जागा केली. ती तामिळमध्ये बोलत होती, मी मराठीत. ती बहुधा मुलंबाळं विचारत असावी, कारण मी दोन बोटं दाखवल्यावर तिनं तीन दाखवली. उठताना मी गजऱ्याचे पैसे दिले तर ते घेतलेन्, पण वर एक हातभर माळ स्वतःच्या हातानं माझ्या केसांत माळून दिलीन्. त्याचे पैसे मात्र काही केल्या घेईना.

आत अंगणात घोटाभर पाणी, पाय अनवाणी. मी आपली पदर खोचून कडेच्या ओवऱ्यांत शिरले. ओवरीतून चालता चालता भिंतीकडे लक्ष गेलं आणि थबकलेच. भिंतीवर देवनागरी अक्षरं! जवळ जाऊन पाहते तो मराठी! सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास ह्या देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवला आहे, तोच हा लेख. हा लेख इथे आहे हे वाचलेलं होतं हो, पण बाहेर धो धो पाऊस, चहूकडे तामिळ, आणि समोर दगडावर आपली बाराखडी! मी शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचू लागले. शब्द जुने, कुठे पुसट, अडखळतच वाचत होते.

मागून आवाज आला, “तुम्ही कोण गावच्या?”

वळून पाहिलं. नऊवारी नव्हे, तिकडची काठापदराची साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, ऐंशीच्या घरातल्या आजी. बरोबर सून. वाक्य मराठी, पण हेल पुरता तामिळ, शेवटी वर चढणारा. मी गाव सांगितलं. आजींनी माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. “पाऊस उघडायचा नाही आता. घरी चला. कॉफी घ्या.” मी संकोचले. ओळख ना पाळख! पण मराठीत ‘घरी चला’ म्हटल्यावर नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा.

घर पश्चिमेच्या राजरस्त्याच्या, ‘मेल वीदी’च्या, मागच्या बोळात होतं. दारातली रांगोळी पावसानं धुऊन नेली होती. सुनेनं आत शिरायच्या आधी वळचणीखाली कोरड्या जागेत चार ठिपक्यांची का होईना, पण पुन्हा काढली. मग पितळी वाटी-पेल्यातून उंचावरून ओतत फेसाळ कॉफी आली.

ह्या घराण्याला तिथे किती पिढ्या झाल्या ते आजींनाही नक्की सांगता येईना. घरात बोलणं मराठीत, बाहेर सगळं तामिळमध्ये. आजींचं शिक्षण तामिळ शाळेत, सुनेचंही, नातवाचं इंग्रजी शाळेत. देवनागरी वाचता येणारे घरात एकटे आजोबा होते. ते गेले, त्याला सहा वर्षं झाली.

हे सांगून आजी आत गेल्या आणि फडक्यात बांधलेली एक वही घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंच्या हातची. पानं पिवळी, कडा दमटपणानं जीर्ण झालेल्या. “हे स्वैपाकाचं आहे म्हणतात. वाचा की,” त्या म्हणाल्या.

सहा वर्षं ती वही त्या घरात मुकी पडून होती! बोलणारी माणसं घरात, लिहिलेलं घरात, आणि मध्ये भिंत लिपीची.

मी वाचू लागले. पहिल्याच पानावर ‘डांगर पचडी’. डांगर! काही भागांत डांगर म्हणजे लाल भोपळा, पण हे आपलं उडदाचं डांगर. उडदाची डाळ खमंग भाजून दळायची, ते पीठ दह्यात कालवायचं, मीठ, हिंग, कोथिंबीर आणि वर फोडणी. माझी आई ह्यात कच्चा कांदा घालते. त्यांच्याकडे कांदा नाही. बाकी सगळं तेच! पुढे ‘कडुगु’ आला आणि मी अडले. आजींनी मसाल्याचा डबा उघडून मोहरीवर बोट ठेवलं. मग ‘अदमुऱ्या दह्यात’ असं आलं, तिथे सासू-सून दोघी अडल्या. हा शब्द माझ्या आजीच्या तोंडचा, म्हणजे पुरतं न विरजलेलं, अर्धवट लागलेलं दही. मी सांगताच आजी म्हणाल्या, “सासूबाई म्हणत. मला वाटे त्या माझ्यावर रागावून काही म्हणतात!” आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सुनेनं नातवाची वही ओढली आणि मी वाचेन तसं ती तामिळ लिपीत उतरून घेऊ लागली. मराठी शब्द, तामिळ अक्षरं! अंबट भाजी, पुरणपोळी, वांगीभात... दोन वाजून गेले. जेवायलाच बसवलं त्यांनी, केळीच्या पानावर, आणि पानात पहिलं वाढलं ते डांगर.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच. सकाळी राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. नायक राजांच्या वेळेपासूनचा हा संग्रह सरफोजीराजांनी वाढवला. ताडपत्रावरची नि कागदावरची हस्तलिखितं, संस्कृत, तामिळ, तेलुगू, मराठी, शिवाय मोडीतले दफ्तर. ह्या राजानं १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि १८०६ साली त्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या, ‘बालबोध मुक्तावली’ ह्या नावानं. मराठी शिकवणाऱ्या बाईला ह्याचं किती अप्रूप वाटावं! पण खरं सांगते, माझं अर्धं लक्ष त्या बोळातल्या वहीकडे होतं. दुपारी पुन्हा गेले. नातू वाट पाहत दारात उभा होता. त्याला ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत अक्षरं एका कागदावर काढून दिली, शेजारी आईकडून तामिळ अक्षरं लिहवून घेतली. ‘ख’ला आणि ‘घ’ला तामिळमध्ये वेगळं अक्षरच नाही, तिथे आमची सर्वांची मोठी पंचाईत!

आजी सांगत होत्या, पूर्वी मराठे राजांनी रामेश्वरच्या वाटेवर जागोजागी ‘छत्रं’ बांधली, वाटसरूंना तिथे निवारा नि अन्न मिळे. मला त्या प्लास्टिकच्या कागदाखाली ओढून घेणारी फुलवाली आठवली.

तुम्ही जाणार असाल तर पावसाला भिऊन बेत रद्द करू नका, भाताची हिरवीगार खाचरं ह्याच दिवसांत दिसतात. मात्र सुती साड्या वाळत नाहीत, सिंथेटिक न्या. चपला रबरी. देवळात पाय पुसायला एक जुनं फडकं पिशवीत असू द्या. दुपारी गाभारा बंद असतो, सकाळीच जा. आणि भिंतीवरचा लेख दिसला तर मोठ्यानं वाचा!

वहीची अकरा पानं राहिली होती, तेवढ्यात आमची निघायची वेळ झाली. सुनेनं त्यांचे फोटो काढून मला पाठवले आहेत. मी रोज ओटा आवरल्यावर एक पान वाचून, आवाज भरून पाठवते, कारण लिहून पाठवलं तर त्यांना वाचता येत नाही. उत्तरही बोलूनच येतं. काल सातवं पान झालं, चिंचेच्या सारेचं. आजींचा निरोप आला, “थोडं हळू वाचा, बाई. ती लिहिते आहे.”