शेपटीचं चाक

उभ्या पुष्पक विमानाचं नाक आभाळाकडे असतं. आत बसलं की समोरची धावपट्टी दिसतच नाही. मग नागमोडी वळणं घेत, खिडकीतून कडेला बघत पुढे सरकायचं. दोन आसनं, ९० अश्वशक्तीचं इंजिन, कापडानं मढवलेले पंख आणि शेपटीखाली चिमुकलं चाक. थ्रॉटल पुढे सारला, वेग आला, की शेपटी हलकेच उचलली जाते, नाक खाली येतं आणि इतका वेळ दडलेली धावपट्टी एकदम समोर उलगडते. त्या क्षणासाठी मी उडायला शिकलो असं म्हणायला हरकत नाही.

खरी कसोटी मात्र उतरताना. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. जमिनीवर धावताना शेपटी जराशी जरी सरकली, तरी तो भार तिला आणखी बाहेर रेटतो. वेळीच आवरलं नाही, तर विमान गर्रकन फिरतं. नाकाखाली चाक असलेलं विमान आपसूक सरळ होतं. इथे ते काम पायांनी करायचं. मी गडहिंग्लजचा, म्हणजे फुटबॉलच्या गावचा. रडरच्या पेडलांवर डावा जरा, उजवा जरा, पुन्हा डावा, हे चेंडू पायाशी खेळवत नेण्यासारखंच वाटलं. सर बजावायचे, "विमान उभं राहीपर्यंत पाय झोपू द्यायचे नाहीत."

पुष्पक १९५८ साली बंगळुरात पहिल्यांदा उडालं. ते घडवणाऱ्यांचे अग्रणी होते डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, गाव हसूरचंपू, आमच्याच तालुक्यातलं! जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली ते हवेच्या प्रवाहाचं शास्त्र शिकले. त्यांच्या चमूनं आखलेलं एचटी-२ हे विमान १९५१ साली उडालं. त्याच्याही शेपटीखाली चाकच. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले.

शिकवणाऱ्या विमानानं शिकणाऱ्याचे लाड करू नयेत, असं मला आता वाटतं. पुष्पकनं माझे केले नाहीत. जमिनीला चाकं टेकली की काम फत्ते, हा समज त्यानं मोडून काढला आणि शेवटच्या हातभर अंतरापर्यंत सावध राहायची सवय लावली. ती पुढे सगळीकडे उपयोगी पडली.

हसूरचंपूच्या वाटेवर दप्तरं घेतलेली पोरं भेटली, की त्यांना थांबवून घाटग्यांचं नाव सांगावंसं वाटतं. विमान हवेत राहतं कसं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना आपल्या गावापासूनच सुरू करता येईल.